स्थानिक पालक

लढाईत एक पाय गमावून परतलेल्या विलासला चौतिसाव्या वर्षी नोएडातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला आणि माजी सैनिकांसाठीच्या तात्पुरत्या वसतिगृहात खोलीही. कारकुनाने अर्ज मात्र परत केला. “फौजी साहब, लोकल गार्डियन की साइन तो लगेगी.”

दिल्लीत त्याला एकच मराठी पत्ता ठाऊक होता, द्वारकेतला, शार्दूलच्या आईवडिलांचा. शार्दूल त्याच लढाईत त्याच्या शेजारीच कोसळला होता. परत आलो तो मीच का, या प्रश्नाला उत्तर नसल्याने दोन वर्षे तो त्या दाराशी गेला नव्हता.

शार्दूलच्या वडिलांनी, पद्माकरकाकांनी, चष्मा लावून अर्ज शेवटपर्यंत वाचला.

“चौतीस वर्षांचा घोडा, आणि पालक हवाय?”

“नियम आहे, काका. चार महिन्यांचीच खोली आहे. तुम्हाला काही करावं लागणार नाही, नुसती सही.”

“नुसती कशी? सातवा नियम वाच. सुट्टीत विद्यार्थ्याला फक्त पालकांच्याच घरी मुक्कामाला जाता येईल.”

विलासने पेन पुढे केलं.

“चार महिन्यांची असेल ती तिकडची खोली,” म्हणत काकांनी सही केली आणि आत पत्नीला हाक मारली, “मीनाक्षी, शार्दूलच्या खोलीची किल्ली आण.”