झील

पावणेपाच वाजले होते. पाच वाजता स्टुडिओ दुसऱ्यांना द्यायचा होता, आणि उल्काचं गाणं काही केल्या उभं राहत नव्हतं.

ग्लासगोच्या 'रस्टी अँकर' बँडची ही पहिली एल. पी. त्याआधी सत्त्याऐंशी साली एक कॅसेट निघाली होती, तीही मित्रमंडळींनी भिडेखातर घेतलेली. एल. पी.ची अकरा गाणी टेपवर चढली होती. बारावं उल्काचं. बंद पडलेल्या गोदीवरचं. शब्द तिचे, चालही तिचीच. एरवी ती फिडल वाजवायची, हे एकच गाणं स्वतः गात होती. बँजो, अकॉर्डियन, ड्रम, सगळे अंगात आल्यासारखे सुटायचे आणि कडव्याच्या शेवटच्या ओळीला तिचा आवाज बसायचा. 'फाटक कोण उघडणार?' असं गरजून विचारायचं होतं. तिच्या तोंडून ते, दाराशी आलेल्या पाहुण्यानं चहा नको म्हणावा, तसं यायचं.

"आणखी एकदा," बँजोवाला कॅलम म्हणाला. "नाही जमलं तर सोडून देऊ. अकरा पुष्कळ झाली."

तो वाईट नव्हता, नुसता दमला होता. उल्कानं मात्र शब्दांचा कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

त्यात तिचे बाबा येऊन बसलेले. यादवराव गांगुर्डे बसची ड्यूटी संपवून लेकीला न्यायला आले होते, ते ड्रायव्हरच्या युनिफॉर्मवरच. बाहेर पाऊस म्हणून कॅलमनंच त्यांना आत घेतलं होतं.

"बाबा, एकदम क्वायट हं," उल्का म्हणाली. "रेड लाइट लागला की कफ पण नाही करायचा. माझा गाणं राहणार की जाणार, दिस इज इट."

"बसतो की गप," यादवराव म्हणाले आणि टोपी मांडीवर घेऊन बसले.

लाल दिवा लागला. पहिलं कडवं बरं गेलं. उल्कानं डोळे मिटून प्रश्न विचारला, शेवटचा शब्द नेहमीसारखा खाली यायला लागला, तेवढ्यात मागून कुणीतरी तो वरच्या वर झेलला.

"जी जी रं जी, रं जी जी!"

उंच, धारदार, छताला भिडणारा आवाज. यादवराव उभे होते. एक हात कानावर, डोळे बंद. तरुणपणी नाशिककडच्या आंबेडकरी जलशात ते झील धरायचे. शाहिराची ओळ संपली की मागच्यांनी ती उचलून धरायची. इथंही ओळ संपली आणि त्यांनी धरली. लाल दिवा, लेकीची ताकीद, काही म्हणता काही आठवलं नाही.

ड्रम थांबला. मग सगळेच थांबले.

"सॉरी, सॉरी! व्हेरी सॉरी!" यादवराव खाली पडलेली टोपी शोधू लागले. "सवय गं ती. मी आपला बाहेर थांबतो."

उल्काला रडू आवरेना. गाणं गेलं, आणि गेलं तेही आपल्याच बापापायी.

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी मॉइरा टेप मागे नेत होती. तिनं तेवढाच तुकडा लावला. आधी उल्काचा प्रश्न, आणि लगेच त्याच्या पाठीशी ती आरोळी. आता प्रश्न खाली पडत नव्हता. गोदीतली सगळी माणसं फाटकाशी येऊन उभी राहिल्यासारखं वाटत होतं.

"मिस्टर गांगुर्डे, निघालात कुठं?" कॅलम दारात आडवा झाला. "हे प्रत्येक कडव्याला पाहिजे. आठ मिनिटं आहेत."

उल्का बाबांकडे बघतच राहिली. आपल्या बापाचा असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"बाबा, मग घरी का नाही गायला तुम्ही? कधीच?"

"घरी?" यादवराव ओशाळून हसले. "अगं, पुढं कुणी गाणारं असलं तर ती झील. एकट्यानं काढली तर नुसती बोंब."

मॉइरानं त्यांच्यासाठी दुसरा माइक लावला. त्यांनी टोपी खुर्चीवर ठेवली, युनिफॉर्मचं वरचं बटण काढलं आणि उल्काच्या मागं दोन पावलांवर जाऊन उभे राहिले. हात कानावर गेला.

"हो पुढं," ते म्हणाले. "मी आहे मागं."