दहापर्यंत

सुमंतरावांनी गिअरचा दांडा 'डी'वर टाकला. गाडी जागची हलली नाही. त्यांनी रेस दिली, तशी मागून कुणी लाथ घातल्यासारखी ती उसळली. गॅरेजच्या कुंपणापाशी कशीबशी थांबली.

"बघितलंस?" शेजारी बसलेल्या गहिनीनाथ मिस्त्रीला ते वैतागून म्हणाले. "चार महिने हेच चाललंय."

विजयाला जाऊनही चारच महिने झाले होते. गाडी तिची. तिचा गुडघा धरायचा, म्हणून बिनक्लचची जुनी गाडी शोधून घेतलेली. सुमंतराव आपले शेजारी बसायचे. आता सावेडीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी ऑइल बदललं, कॉम्प्युटर लावला आणि गिअरबॉक्स गेला म्हणून हात झटकले. लेक अनन्या रोज फोनवर म्हणे, "बाबा, भंगारात द्या. कुठेतरी आपटाल." उद्या भंगारवाला येणार होता. गाडीच्या कप्प्यात कोल्हारच्या या मिस्त्रीचं कार्ड सापडलं, म्हणून शेवटचं इथे आले.

गहिनीनाथने बॉनेटला हातही लावला नाही.

"काका, तुमी थांबतच न्हाई. आतली रबरं जुनी झालीत, ऑइलचा दाब धरायला येळ लागतो. डी टाकायचा, ब्रेक दाबून दहापर्यंत मोजायचं, मग सोडायचं. काकूंना तीन वर्सांमागं सांगितलं हुतं की."

"तिच्या हातात तर कधी उसळली नाही."

"मोजायच्या ना. मला म्हनल्या, आमच्या ह्यांना बोलू नको, लगेच विकायला काढतील."

सुमंतरावांनी स्टिअरिंगकडे बघितलं. रोज निघताना विजया स्टिअरिंगवर हात ठेवून बसायची. ओठ हलायचे. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. तिची स्तोत्रं म्हणून होईपर्यंत ते घड्याळ बघायचे आणि रोज तेच बोलायचे. ती उलटून कधी काही बोलली नाही.

गहिनीनाथ उतरला. सुमंतरावांनी डी टाकला, ब्रेक दाबून धरला. एक. दोन. तीन.

सातला तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आटप आता, देव काही पळून जात नाही."

मग त्यांनी पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.