आरशातली डावी बाजू

रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेने डाव्या बाजूची जागा ताब्यात घ्यायचं ठरवलं आणि सलूनवाल्याच्या भिंतीवर लाल फुली मारली. समोर, उजव्या बाजूला, नगरपालिकेचंच ऑफिस होतं. त्याला हात लागणार नव्हता.

फुली मारून झाल्यावर इंजिनिअर त्याच्याकडेच दाढीला बसला. वस्तरा गळ्याशी आणत सलूनवाला म्हणाला, "साहेब, आरशात सगळं उलटं असतं. तिथे डावीकडे तुमचं ऑफिस येतं."

"मग आरशातलं पाडून घे की," इंजिनिअर हसला.

सकाळी बुलडोझर आला आणि सरळ ऑफिसला जाऊन भिडला. लाल फुली तिथे होती. सलूनच्या भिंतीवर रंगाचा ठिपकाही नव्हता. इंजिनिअरने नकाशा पाहिला आणि मान डोलावली. "डावी बाजू. बरोबर आहे."

ऑफिस भुईसपाट झालं तसं लोकांनी सलूनवाल्याला खांद्यावर उचललं.

"जिंकलात हो," बायको म्हणाली. तिच्या उजव्या गालावरचा तीळ आज डाव्या गालावर होता. पण अशा वेळी तिळाचं काय घेऊन बसायचं?

घाम पुसायला टॉवेल हवा म्हणून तो आत गेला. आरशात समोरचं ऑफिस धडधाकट उभं होतं. तिथला बुलडोझर दार फोडून आत येत होता, आणि आरशातला सलूनवाला दोन्ही हातांनी काच बडवत होता.

त्याने काचेवर टॉवेल टाकला आणि छाती काढून बाहेर आला.

"आत कोणी ठोकतंय का हो?" बायकोने विचारलं.

"ठोकू दे," तो म्हणाला. "आपलं दुकान वाचलं."