नऊ तारखेखालची सही

"...आणि गोळ्यांच्या त्या वर्षावात माझे आजोबा एकटे उठले! सरपटत बंकरपर्यंत गेले आणि त्यांनी हातबॉम्ब आत फेकला!"

ऋतिकाने हात जोरात पुढे केला, अगदी घरी शिकवला होता तसा. एक शब्द चुकला नाही. तिसऱ्या रांगेत बसलेल्या मोहिनीचे ओठ लेकीबरोबर हलत होते. 'एकटे' म्हणताना मात्र ते थांबले.

कारण नाना स्टेजवर होते. मोहिनीचे सासरे, एकाहत्तरच्या लढाईतले शिपाई. ते शाळेत येणारच नव्हते. सकाळी अचानक फोन आला, आजोबांनाही घेऊन या, सत्कार करू. नाना दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याआधी दारात उभे होते.

शाळेने टूम काढली होती: तीन ते सोळा डिसेंबर, लढाईचा रोज एक दिवस, रोज एक वर्ग. चौथीला नऊ तारीख आली. मोहिनीने फोनवर शोधलं, तर त्या तारखेला नद्या, पूल, विमानं, सेनापतींची नावं. आपल्या घरचं काही नाही. मग तिने चहा देताना नानांनाच विचारलं.

"लोटन उठना," नाना आपल्या तुकडीतल्या जोडीदाराबद्दल म्हणाले. "मी बांधआड पडेल व्हतू."

मग आणखी एवढंच, "बंकर उडायं त्यानी. मांगे येताना गोळी लागनी." चहा तसाच राहिला.

एवढ्यावर भाषण होत नव्हतं. आणि 'माझे आजोबा बांधाआड पडून होते' हे पोरीच्या तोंडी घालायचं कसं? आदल्या दिवशी पाचवीतल्या मुलाला दोनदा टाळ्या पडल्या होत्या. मोहिनीने फार काही केलं नाही. लोटनच्या जागी आजोबा घातले. पाठ करताना ऋतिकाने एकदाच विचारलं होतं, "पण आई, लोटनबाबा कुठे गेले?"

"दोनच मिनिटं आहेत, बेटा. बसत नाही त्यात."

टाळ्या थांबेनात. शेजारच्या रूपाने कोपराने ढोसलं. "काय गं, घरात परमवीर लपवून ठेवला होतास? आमचे सासरे तर फक्त टीव्हीच्या रिमोटसाठी लढतात."

मोहिनी हसली. तिचं लक्ष नानांच्या हातांकडे होतं. ते गुडघ्यांवर पालथे होते आणि पँटचं कापड मुठीत गोळा होत होतं.

मुख्याध्यापकांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइक पुढे केला. "नाना, आता तुमच्या तोंडून होऊ द्या. बंकरपाशी नेमकं काय झालं?"

नानांनी माइककडे पाहिलं. मग शेजारी उभ्या ऋतिकाकडे. तिचं हसू गेलं होतं. खालचा ओठ दाताखाली धरून ती आजोबांकडे बघत होती.

सांगून टाका, मोहिनी मनात म्हणाली. आणि लगेच, नका सांगू. समोर ऋतिकाचा सगळा वर्ग मांडी घालून बसला होता.

"बठ्ठं सांगी टाकं पोरनी," नाना म्हणाले. "आते मी काय सांगू?"

सगळा हॉल हसला. पुन्हा टाळ्या. कुणीतरी मागून म्हणालं, "बघा, किती साधा माणूस!" मोहिनीचा अडलेला श्वास सुटला, आणि तो सुटल्याचीच तिला लाज वाटली.

कार्यक्रमानंतर वर्गशिक्षिका नूतन मॅडमनी त्यांना व्हरांड्यात नेलं. भिंतीवर ओळीने तक्ते लावले होते, एकेका दिवसाचा एकेक. नऊ तारखेच्या तक्त्यावर नानांचा वर्दीतला जुना फोटो मोठा करून चिकटवला होता. खाली रंगीत अक्षरांत ऋतिकाचं भाषण. त्याखाली मोकळी जागा.

"इथं सही करा, नाना," मॅडमनी जाड पेन दिलं. "सव्वीस जानेवारीपर्यंत राहणार आहे हे. येणारे-जाणारे सगळे वाचतील."

मोहिनीने नानांचा कोपर धरला. "नाना, माझं ऐका ना, मी..."

"चष्मा दे, बेटा."

तिने पर्समधून चष्मा काढून दिला. नानांनी तो लावला, भाषण पहिल्या ओळीपासून वाचलं. बोट शब्दांखालून सरकवत वाचलं. मध्ये एका जागी बोट थांबलं, पुन्हा पुढे गेलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

नानांची सही मोहिनीने किती वेळा पाहिली होती. बँकेत, पेन्शनच्या कागदांवर. आधी वेलांटीची रेघ, मग 'ह'. आज सुरुवातीची ती वेलांटी आलीच नाही. अक्षरं सुटी आणि ठसठशीत पडत होती, पाटीवर गिरवल्यासारखी.

टोपण लावून नानांनी पेन परत केलं. अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि काखेत धरली.

ऋतिका टाचा उंच करून वाचू लागली. "लोटन... झुलाल... पाटील."

नूतन मॅडमनी फोटोकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं. "अहो, पण तुमचं नाव तर हिलाल ना? हे लोटन कोण?"

 नाना दहा तारखेच्या तक्त्याकडे सरकले होते.

"आईला विचारा," ऋतिका म्हणाली. "आईला माहितीये."