कोरडा पुठ्ठा

थोरल्या मुलीला मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. मेहुणा जुनी गाडी घेऊन माझ्या गॅरेजात आला. स्टिअरिंगचं तेल गळत होतं. मी खाली शिरलो. चाकं वळवणाऱ्या रॅकचं सील गेलं होतं आणि त्यावरच्या फाटक्या रबरी आवरणातून, म्हणजे बुटातून, तेल ठिबकत होतं. "रॅक उतरवावा लागेल, दोन दिवस ठेव." "भाऊजी, उद्या घाट उतरून बाळंतीण भाचीला आणायचंय. ठिबकणं तेवढं थांबवा, डॉक्टरकी नंतर!" मी हसलो. नवा बूट चढवून पट्टी आवळली, तेल भरलं. सकाळी त्याने रात्रभर गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा नाचवला. "एक थेंब नाही! हात आहे की जादू?" तेल बुटात साठून स्टिअरिंगच्या तेलाची टाकी रिकामी होतेय, हे मला ठाऊक होतं. बायको कौतुकाने बघत होती. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. घाटाच्या चौथ्या वळणावर स्टिअरिंग जड झालं आणि गाडी दरीत गेली. बायकोचा एकुलता भाऊ त्याच दिवशी, बारा जूनला वारला.