तंबाखूचं पाणी

दुबईला जाण्याआधी नवऱ्यानं जोगेश्वरीच्या चाळीच्या गच्चीवर प्लास्टिकचा मांडव घालून गावच्या तोंडलीचा वेल लावला होता. “मी येईपर्यंत जगव ह्याला,” सुगंधाला बजावून गेला. आज तिनं पान उलटलं, तर खाली माव्याची हिरवी कीड चिकटलेली. शेजारची मालन ओरडली, “उपटून टाक गं, माझ्या मिरच्यांची वाट लागेल!” मग सुगंधाचा चेहरा बघून म्हणाली, “बरं बाई, तंबाखू भिजवून ते पाणी शिंपड.” तंबाखू! त्यापायी ती नवऱ्याशी बारा वर्षं भांडली होती. तो गेला त्याच दिवशी त्याची डबी तिनं कचऱ्यात फेकली होती. पदर खोचून ती कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेली नि नवऱ्याच्याच छापाची पुडी मागितली. पानवाल्याचा चेहरा खुलला. “काय वहिनी, दादा आले वाटतं?” किडीची गोष्ट तिनं गिळली. “कालच आले. चुनाही द्या, त्यांना ताजा लागतो.”