मिठाला जागलेलं गाव

पोपटीचं मडकं विस्तवातून काढून जोमादादूसने वाफाळलेली कोंबडी, वाल, बटाटे केळीच्या पानांवर वाढले. आज त्याने मुद्दामच मीठ घातलं नव्हतं.

"दादूस, तुमच्या हाताला तोड नाही," खानावळीतली गिऱ्हाइकं बोटं चाटत म्हणाली. अख्खं गाव त्याच्यावर जीव टाकायचं. बायको वारल्यापासून तर जरा जास्तच.

ती असताना पहिलं मडकं तिच्यापुढे उघडायचं. "मिठागरात जन्मलात, तरी मीठ टाकताना हात आखडतो," ती म्हणायची. कधी वाल कच्चे, कधी ओवा जास्त. दादूस चिडायचा. आता तसं कुणीतरी टोचून बोलावं म्हणून त्याचे कान आसुसले होते, पण गावाने त्याला दुखवायचं नाही अशी जणू शपथच घेतली होती.

गावात नवीनच लग्न होऊन आलेल्या मुलीने तोंड वाकडं केलं. "अगदीच अळणी आहे हो."

नवऱ्याने टेबलाखालून तिचा पाय दाबला. "गप बस. दादूसला असं म्हणतात का?"

तोवर दादूस स्टूल ओढून तिच्यासमोर बसला होता. "त्याचं नको ऐकूस, पोरी. वाल कसे झालेत, ते सांग."